चार गुंठे हिरवळ आणि बसून चालवायचं यंत्र

बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांवर जे सल्ले वाचायला मिळतात, ते बहुतेक अमेरिकी घरमालकासाठी लिहिलेले असतात. त्यातलं ‘छोटं अंगण’ अर्ध्या एकराचं असतं. अर्धा एकर म्हणजे आपल्या हिशेबात वीस गुंठे, हरियाणाच्या हिशेबात चार कनाल, आणि गुरुग्रामजवळच्या मानेसरच्या प्रॉपर्टी डीलरच्या हिशेबात २,४२० गज. मानेसरभोवतीच्या नव्या सेक्टरांत ज्याच्याकडे पाचशे गजांचा प्लॉट आहे, तो स्वतःला बऱ्यापैकी जमीनदार समजतो. पाचशे गज म्हणजे ४१८ चौरस मीटर, चार गुंठ्यांहून जरासं जास्त. त्यात घर, दोन गाड्या, पाण्याची टाकी आणि जनरेटरचा कोपरा वजा केला की हिरवळीला दीड-दोन गुंठे उरतात. तिथे राइड-ऑन मूव्हर उतरवला, तर कापण्यापेक्षा मागे-पुढे घेण्यातच वेळ जाईल.

तरीही राइड-ऑन घ्यावा का, हा प्रश्न मानेसरात विचारला जातो, आणि विचारणारे अगदीच हौशी नसतात. इथली औद्योगिक वसाहत म्हणजे आयएमटी. मारुती सुझुकी आणि होंडा दुचाकी यांचे मोठे कारखाने इथे आहेत, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने आहेत, आणि वाहनांच्या चाचण्या करणारी ‘आयकॅट’ ही संस्थाही आहे. चाकण-पिंपरीतून बदलीवर आलेली मराठी मंडळी त्यामुळे इथे नवी नाहीत. कारखान्याच्या दर्शनी भागात हिरवळ असते, कंपनीच्या अतिथिगृहाला असते. पतौडी, सोहना, तावडूच्या दिशेने गेलं की फार्महाउसं लागतात, आणि तिथे एक कनालापासून दोन किल्ल्यांपर्यंत काहीही असू शकतं. किल्ला म्हणजे एकर. तावडूजवळच जॅक निक्लॉसने आखलेलं सत्तावीस होलचं गोल्फ मैदान आहे. तिथली यंत्रं हिरवळीवरून सहज फिरताना ज्याने एकदा पाहिली, त्याला आपल्या माळ्याच्या हातातला ब्रश कटर गरीब वाटू लागतो. प्रश्न बहुधा तिथूनच सुरू होतो.

आधी वेळेचा हिशेब मांडू, कारण राइड-ऑन विकणारा नेहमी वेळच विकतो. मागून चालत ढकलायच्या साध्या पेट्रोल मूव्हरची रुंदी ५३ सेंटिमीटर धरा आणि चालण्याचा वेग ताशी साडेतीन किलोमीटर. एका पट्ट्यावर दुसरा पट्टा थोडा चढवावा लागतो आणि टोकाला वळावं लागतं, त्यात पाव भाग वाया जातो. उरलं तासाला सुमारे १,४०० चौरस मीटर, म्हणजे चौदा गुंठे. आता सर्वांत लहान राइडर घ्या. त्याच्या डेकची, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या कवचाची, रुंदी ७६ सेंटिमीटर, कापतानाचा वेग ताशी पाच किलोमीटर. वळणं आणि झाडं यांत तीस टक्के वजा केले, की तासाला सव्वीस गुंठे. आकडा जवळपास दुप्पट झाला आणि कागदावर छान दिसला. पण चार गुंठ्यांच्या हिरवळीवर याचा अर्थ सतरा मिनिटांऐवजी नऊ मिनिटं. वाचलेल्या आठ मिनिटांतली काही कोपरे, कुंपणाचा काठ आणि झाडांची बुडं हाताने साफ करण्यात जातात, कारण राइडरचा डेक तिथे पोचत नाही. वीस गुंठ्यांवर मात्र शहाऐंशी मिनिटांची शेहेचाळीस होतात. वर्षात तीसेक कापण्या धरल्या, तर वीस तास वाचले.

तीस कापण्या हाही ढोबळच अंदाज, आणि तो इथल्या हवेवर अवलंबून आहे. मानेसरच्या हिरवळीवर जे गवत असतं, ते दूब, म्हणजे आपली हरळी. विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी ज्या गवताला मुळासकट खणून काढता काढता आयुष्य घालवतो, तेच इथे रोलरने दाबून, पाणी घालून वाढवतात. हरळीला ऊन आणि उष्णता लागते. जून संपता संपता पाऊस आला की ती वेड्यासारखी वाढते आणि ऑगस्टमध्ये पाच-सहा दिवसांनी कापावी लागते. गणपतीत दूर्वांसाठी कुणी शेजारी आला, तर नेमकी तेव्हाच ती कापलेली असते. नोव्हेंबरनंतर वाढ मंदावते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हिरवळ पिवळी-तपकिरी पडून झोपी जाते. पुण्या-नाशकाच्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात वाटतं की लॉन मेलं. ते मेलेलं नसतं. यंत्राला मात्र दोन-अडीच महिने काही काम नसतं, आणि ही सुट्टी यंत्राला चांगलीच महागात पडते. त्याबद्दल पुढे.

गवताच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी दुकानात कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते किमतीच्या आधी तीच पाहायला हवी. हिरवळ किती उंचीवर कापायची?

गवत कापायच्या यंत्राचे दोन मूळ प्रकार आहेत. पहिला सिलिंडरचा, त्याला रीलचं यंत्र म्हणतात. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमधल्या एडविन बडिंगने १८३० साली त्याचं पेटंट घेतलं. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव तासायचं यंत्र त्याने पाहिलं होतं आणि तेच गवतावर चालवून बघितलं. फिरणारी वाकडी पाती खालच्या स्थिर पात्याला घासत जातात आणि गवत कात्रीने कापल्यासारखं कापलं जातं. पुढे इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने ही यंत्रं बनवली आणि १९०२ मध्ये पेट्रोल इंजिनाचं मूव्हर बाजारात आणलं. मधल्या काळात मोठ्या हिरवळींवर यंत्र घोडा ओढायचा, आणि खुरांनी गवत उखडू नये म्हणून घोड्याला कातडी बूट घालायचे. आपल्याकडे ते काम बैलांकडे आलं. ताजमहालासमोरच्या हिरवळीवर बैलजोडीने ओढल्या जाणाऱ्या यंत्राची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. बैलामागे बसणारा माळी हाही एक प्रकारे राइड-ऑनच.

दुसरा प्रकार रोटरी. एक किंवा दोन आडवी पाती पंख्यासारखी गरगर फिरतात आणि गवताला फटका मारून तोडतात. घरगुती राइड-ऑन सगळे याच जातीचे. त्यांचा डेक साधारण चार ते साडेनऊ सेंटिमीटर उंचीत लावता येतो. याहून खाली आणला, तर जमिनीच्या उंचवट्यांवर पातं घासतं, माती उडते आणि हिरवळीला टक्कल पडतं. आता दुबेचा स्वभाव पाहा. चांगल्या देखरेखीची दूब दोन-अडीच सेंटिमीटरवर दाट, गालिच्यासारखी होते. गोल्फ मैदानावर दिसते ती तीच, आणि ती रीलच्या यंत्राने कापलेली असते. राइड-ऑन रोटरीने पाच सेंटिमीटरवर कापलेली दूब खालून काडीसारखी तपकिरी आणि वरून हिरवी होते. एखाद्या दिवशी थोडी जास्त कापली गेली, की सगळी हिरवळ सुकल्यासारखी दिसते. म्हणून एका कापणीत एकतृतीयांशाहून जास्त उंची घ्यायची नाही, हा नियम. ज्याला गालिचा हवा आहे, त्याने राइडर घेऊ नये. हाताने ढकलायचं रील मूव्हर घ्यावं. लुधियाना-दिल्लीच्या भारतीय कंपन्या ते बनवतात, काही हजारांत मिळतं, आणि त्याला पेट्रोल लागत नाही. ज्याला गालिचा नको, नुसतं नीटनेटकं, चालता येईल असं हिरवं आवार हवं आहे, त्याच्यासाठी रोटरी ठीक.

आता यंत्रांकडे. परवडणाऱ्या राइडरांतला सर्वांत लहान वर्ग म्हणजे मागे इंजिन, पुढे सीट, मध्ये डेक. डेक ७६ सेंटिमीटरचा, इंजिन एक सिलिंडरचं, साडेतीनशे-चारशे सीसीचं. अमेरिकेत हे दोन हजार डॉलरच्या आगेमागे सुरू होतात आणि ‘छोट्या अंगणासाठी’ म्हणून विकले जातात. भारतात त्याच वर्गातलं यंत्र वाहतूक, आयातशुल्क, कर आणि विक्रेत्याचा नफा चढून लाखांच्या घरात जातं. मग विक्रेता एक पायरी वरचं दाखवतो. पुढे इंजिन, ट्रॅक्टरसारखं नाक, १०७ सेंटिमीटरचा डेक, आणि भाव ‘थोडासाच जास्त’. माझं मत विचाराल, तर मानेसरच्या आवारात ७६ सेंटिमीटरवालाच बरा. १०७ सेंटिमीटरचा डेक गेटच्या लहान दारातून जात नाही. लिंबाच्या दोन झाडांमधून जात नाही. मोठ्या डेकखालची जमीन सपाट नसली, तर एका बाजूला गवत उभं राहतं आणि दुसऱ्या बाजूला खरवडलं जातं. लहान डेक जमिनीच्या वळणाबरोबर जातो.

यात गिअरचा प्रश्न येतो. जुन्या पद्धतीचा सहा-सात वेगांचा गिअर स्वस्त असतो, पण अनेक यंत्रांत तो चालता चालता बदलत नाही, वेग बदलायला थांबावं लागतं. हायड्रोस्टॅटिक गिअरमध्ये एक पेडल दाबत गेलं की वेग वाढतो, सोडलं की थांबतो. झाडं, बाक, पाण्याचे नळ यांच्यामधून वळत कापायचं असेल, तर हायड्रोस्टॅटिकवर जास्त खर्च करणं मला पटतं. डेकच्या रुंदीवर तो करणं पटत नाही.

मग झिरो-टर्न. मागच्या दोन चाकांना स्वतंत्र गती, दोन दांडे हातात, आणि यंत्र जागच्या जागी फिरतं. झाडांनी भरलेल्या आवारात हे सर्वांत चपळ. पण पुढची चाकं नुसती फिरती असल्यामुळे उतारावर त्याचा ताबा सुटू शकतो. वळताना मागचं चाक एकाच जागी घासलं, तर गवताला गोल डाग पडतो. शिवाय ते शिकायला वेळ लागतो, आणि चालवणारा माळी वर्षातून दोनदा बदलतो. मानेसरात हा शेवटचा मुद्दा विनोदाचा नाही. राइडर घेणारा मालक पहिले दोन रविवार तो स्वतः चालवतो. नंतर तो माळीच चालवतो.

बॅटरीवर चालणारे राइडर जगात आले आहेत आणि आवाजाच्या, धुराच्या दृष्टीने चांगले आहेत. इथे मात्र मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. ज्याला बॅटरीवरचा राइडर घ्यायचा असेल, त्याने आधी त्याच्या चार्जिंगची आणि ठेवण्याची सावलीतली जागा पाहावी. रोबोट मूव्हरही आहेत. हुस्कवर्णाने १९९५ मध्ये सौरऊर्जेवरचा पहिला रोबोट आणला, तेव्हापासून युरोपातल्या छोट्या अंगणांत ते रुजले. दोन-तीन गुंठ्यांच्या बंदिस्त, सपाट हिरवळीला रोबोट हे राइड-ऑनपेक्षा जास्त खरं उत्तर आहे. तो रोज थोडं थोडं कापतो, त्यामुळे एकतृतीयांशाचा नियम आपोआप पाळला जातो.

दुसऱ्या टोकाला, ज्याच्याकडे एक-दोन किल्ले आहेत, त्यात पेरू-लिंबाची झाडं आहेत आणि मध्ये गवत आहे, त्याने मूव्हरच्या दुकानात जाऊच नये. त्याने छोट्या ट्रॅक्टरच्या दुकानात जावं. महिंद्राचे १५ ते २४ अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर, कुबोटाचे तेवढेच, स्वराजने नोव्हेंबर २०२१ मध्ये आणलेलं सुमारे ११ अश्वशक्तीचं अरुंद ‘कोड’, ही सगळी फळबागांसाठी बनलेली यंत्रं आहेत. एस्कॉर्ट्स कुबोटाचा कारखाना तर याच राज्यात, फरिदाबादला आहे. असा ट्रॅक्टर गवत कापतो, पाणी ओढतो, ट्रॉली ओढतो, आणि बिघडला तर पतौडी-फर्रुखनगरच्या रस्त्यावरचा मिस्त्री त्याला हात लावायला घाबरत नाही. मागे लावायचा स्लॅशर हिरवळ गालिच्यासारखी करणार नाही, पण गवत ताब्यात ठेवील. जॉन डीअर हे नाव आपल्याला सणसवाडीच्या ट्रॅक्टरमुळे ओळखीचं आहे. तीच कंपनी अमेरिकेत १९६३ पासून बागेचे छोटे ट्रॅक्टर विकते, म्हणून इथल्या ट्रॅक्टरच्या दुकानात त्यांची विचारणा होते. पुण्यात बनतो तो शेतीचा ट्रॅक्टर, आणि त्याचा विक्रेता हिरवळीच्या यंत्राचा पट्टा कपाटात ठेवत नाही.

पट्टा. मानेसरात राइड-ऑनचा सगळा प्रश्न माझ्या मते या एका वस्तूपाशी येतो.

राइडरचं इंजिन क्वचित बिघडतं. बिघडतो डेक. इंजिनापासून पात्यापर्यंत गती नेणारा रबरी पट्टा, पातं ज्यावर फिरतं तो स्पिंडल, त्यातली बेअरिंगं, पातं. बेअरिंगं बहुधा ६२०३-६२०४ सारख्या ठरलेल्या मापाची असतात आणि ती मानेसरातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या गावात बेअरिंग कमी पडेल कसं? पट्ट्याची गोष्ट वेगळी. मूव्हरचा पट्टा क्लचचंही काम करतो. पातं बंद केलं की तो सैल पडून घसरतो, सुरू केलं की पकडतो, आणि असं हजारो वेळा करायला तो खास दोऱ्याचा बनवलेला असतो. कारखान्यातला साधा व्ही-बेल्ट मापाने बसतो, दोन आठवडे चालतो आणि मग जळतो. दिल्लीच्या काश्मीरी गेटला गाड्यांचं सगळं मिळतं, अमेरिकी मूव्हरचा नेमका पट्टा मात्र मिळेलच असं नाही. ऑगस्टमध्ये पट्टा तुटला आणि नवा यायला तीन आठवडे लागले, तर तोवर गवत गुडघ्याला येतं. त्यानंतर त्यात राइडर घालणंही शहाणपणाचं नाही, आधी ब्रश कटरनेच उतरवावं लागतं.

म्हणून खरेदीच्या दिवशी विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नसावा. या मॉडेलचा डेकचा पट्टा आणि पात्यांची जोडी आत्ता तुमच्या दुकानात आहे का? असेल, तर दोन्ही यंत्राबरोबरच विकत घ्यावेत आणि घरी ठेवावेत. नसतील, तर ते यंत्र कितीही स्वस्त असलं, तरी ते पहिल्या पावसाळ्यापुरतंच आहे. परवडणारं यंत्र म्हणजे ज्याचा पट्टा त्याच आठवड्यात गुरुग्रामात मिळतो ते. याच कसोटीवर ढकलायच्या पेट्रोल मूव्हरांचं पारडं जड होतं. होंडाचा जनरेटर-पंपांचा कारखाना ग्रेटर नोएडाला आहे, त्यांचे आणि स्टिल, हुस्कवर्णाचे विक्रेते एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्लीभोवतीच्या पट्ट्यात, आहेत, आणि चालत ढकलायच्या यंत्रात सहसा डेकचा पट्टाच नसतो. पातं सरळ इंजिनाच्या दांड्यावर बसतं. तुटायला जागाच कमी.

आता हिवाळ्यातल्या त्या सुट्टीबद्दल. देशात २०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई-२०, येऊ लागलं आणि आज बहुतेक पंपांवर तेच मिळतं. नव्या मोटारी त्यासाठी बनलेल्या आहेत. मूव्हरची छोटी कार्बोरेटरची इंजिनं बहुधा दहा टक्के इथेनॉलपर्यंतच बनवलेली असतात. अमेरिकी कंपन्यांच्या माहितीपुस्तकात ते स्वच्छ छापलेलं असतं. मोटारीत संवेदक असतो, तो हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलतो. कार्बोरेटरच्या इंजिनाला ती सोय नाही. त्याला इंधन कमी पडतं आणि ते जास्त तापतं. त्यातून इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. डिसेंबरात अर्धी टाकी भरून शेडमध्ये ठेवलेलं यंत्र मार्चमध्ये सुरूच होत नाही, कारण कार्बोरेटरच्या तळाशी पाणी उतरलेलं असतं आणि बारीक छिद्रांत चिकट थर बसलेला असतो. मिस्त्री कार्बोरेटर साफ करतो, पैसे घेतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. उपाय साधा आहे. शेवटच्या कापणीला इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, टाकी रिकामी करायची, आणि महिन्याहून जुनं पेट्रोल कधी भरायचं नाही. विक्रेत्याकडून ई-२० चालतं की नाही हे लेखी घ्यावं. तोंडी तर तो रॉकेलही चालतं म्हणेल.

इथल्या धुळीचाही हिशेब वेगळा. मे-जूनची आंधी आली की राजस्थानातून उडालेली बारीक वाळू सगळीकडे बसते. माहितीपुस्तकातली एअर फिल्टर साफ करायची मुदत दुसऱ्या हवामानासाठी लिहिलेली असते. इथे ती निम्मी धरावी.

कायद्याच्या बाजूने प्रश्न सोपा आहे, एका अटीवर. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ ठरवताना, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास वाहनं वगळली आहेत. राइड-ऑनला त्यामुळे नंबरप्लेट लागत नाही. पण दोन प्लॉटांमधला रस्ता ओलांडण्यापुरतीसुद्धा ती सूट नाही. एक यंत्र दोन ठिकाणी वापरायचं असेल, तर ‘छोटा हाथी’ बोलवावा लागेल. सर्वांत लहान राइडरचं वजन दीडशे किलोच्या वर असतं, तेव्हा त्याला फळीचा उतारही लागेल. आवाजाचंही लक्षात ठेवावं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. पेट्रोल राइडर चालवणाऱ्याच्या कानाशी त्याहून कितीतरी मोठा आवाज असतो, आणि रविवारी सकाळी सातला शेजारी तक्रार करतो ती रास्त असते. कापलेलं गवत जाळायचं नाही. एनसीआरमध्ये बागेतला पाला-कचरा जाळायला बंदी आहे. मल्चिंगचं पातं लावलं, तर बारीक झालेलं गवत हिरवळीतच कुजतं आणि खत होतं. ते पातं बहुतेक वेळा वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि मी ते घ्यायला सांगेन.

फार्महाउसवाल्यांसाठी एक आगंतुक सूचना. जुन्या गुडगाव जिल्ह्यातल्या अरवलीच्या जमिनींवर केंद्र सरकारची ७ मे १९९२ ची अधिसूचना लागू आहे, आणि काही जमिनींवर १९०० सालचा पंजाब भूसंधारण कायदाही. तिथे परवानगीशिवाय बांधकाम आणि झाडतोड करता येत नाही. हिरवळीवर यंत्र आणण्याआधी ती हिरवळ ज्या जमिनीवर आहे, तिचे कागद एकदा वाचून घ्यावेत.

सुरक्षेबद्दल थोडंच, पण गंभीरपणे. अमेरिकी मानकात पात्याच्या टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा आहे. म्हणजे ताशी जवळपास साडेतीनशे किलोमीटर. त्या वेगाने उडालेला खडा खिडकीपर्यंत जातो. बांधकाम नुकतंच संपलेल्या मानेसरच्या प्लॉटमध्ये खडी, तारेचे तुकडे, खिळे हिरवळीत महिनोन्‌महिने निघत राहतात. पहिल्या वर्षी कापण्याआधी आवार चालत पाहावं लागतं. सीटवरून उठलं की पातं बंद करणारं बटण सीटखाली असतं. ते ‘त्रास देतं’ म्हणून मिस्त्री तार जोडून निकामी करतो, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. असं यंत्र चालवू देऊ नये. मुलाला मांडीवर बसवून फेरी मारायची नाही. पंधरा अंशांहून जास्त उतारावर, म्हणजे एक मीटरला सुमारे २७ सेंटिमीटर चढ असेल तिथे, राइडर नेऊ नये. त्याहून कमी उतारावर सरळ वर-खाली न्यावा, आडवा नेऊ नये. ढकलायच्या यंत्राचं नेमकं उलट असतं, ते आडवं चालवायचं. तडा गेलेलं पातं मानेसरात कुणीही वेल्डिंग करून देईल, आणि छान करून देईल. ते लावू नये.

जुनं यंत्र घ्यावं का? इथे त्याची संधी आहे. गोल्फ मैदानं, रिसॉर्टं आणि मोठे कारखाने आपली यंत्रं ठरावीक काळाने बदलतात आणि जुनी लिलावात किंवा भंगारवाल्यामार्फत बाहेर येतात. रीलवाली गोल्फची यंत्रं घरच्या माणसाने टाळावीत. त्यांची पाती घासून जुळवायला वेगळं यंत्र आणि वेगळा कारागीर लागतो. कारखान्याच्या आवारातला साधा रोटरी राइडर मिळाला, तर पाहावा. इंजिन सुरू होतं की नाही याला फार महत्त्व देऊ नये, ते विकण्याच्या दिवशी सुरू होतंच. इंजिन पूर्ण बंद करून, स्पार्क प्लगची तार काढून, डेक उचलून पातं हाताने वर-खाली हलवून पाहावं. हललं, तर स्पिंडलची बेअरिंगं गेली आहेत. डेकच्या आतल्या बाजूचा पत्रा बोटाने दाबावा. ओलं गवत चिकटून पत्रा गंजतो, आणि गंजलेल्या डेकला नवा डेक हाच इलाज.

मग किती जागेला राइडर? माझा आकडा असा. प्रत्यक्ष हिरवळ दहा गुंठ्यांपर्यंत, म्हणजे दोन कनालांपर्यंत असेल, तर नको. दोन गुंठ्यांपर्यंत रीलचं हातयंत्र किंवा रोबोट, त्यापुढे ५३ सेंटिमीटरचं स्वतः पुढे चालणारं पेट्रोल मूव्हर आणि काठांसाठी ब्रश कटर. दहा ते वीस गुंठ्यांमध्ये मालकाचं वय, गुडघे आणि माळ्याची भरवशाची उपस्थिती यांवर निर्णय. गुडघेदुखी हे राइडर घेण्याचं मला पटणारं एकमेव खासगी कारण आहे. वीस गुंठ्यांपुढे, जमीन सपाट आणि झाडं विरळ असतील तर, ७६ सेंटिमीटरचा हायड्रोस्टॅटिक राइडर. एका किल्ल्यापुढे छोटा ट्रॅक्टर.

या सगळ्यात एक पर्याय कुणी दुकानदार सांगणार नाही, तो म्हणजे हिरवळच कमी करणं. गुरुग्राम जिल्ह्यातलं भूजल कधीच अतिउपसा वर्गात गेलं आहे, वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि दूब पाणी मागते. गुरुग्राममधलं अरवली जैवविविधता उद्यान २०१० पासून जुन्या खाणीच्या जागेवर स्थानिक झाडं-गवतं लावून उभं राहिलं, तिथे जाऊन पाहता येतं की इथली माती न कापता कशी दिसते. वीस गुंठ्यांच्या फार्महाउसवर बसायच्या जागेपुरती पाच गुंठे हिरवळ ठेवली आणि बाकी धौ, रोंझ, खैर यांसारख्या झाडांना दिली, तर पाण्याचं बिल, माळ्याचे तास आणि यंत्राची किंमत हे तिन्ही आकडे एकदम खाली येतात, आणि उरलेल्या हिरवळीला ५३ सेंटिमीटरचं यंत्र पुरतं.

तरी राइडर घ्यायचाच ठरला, तर तो शोरूममध्ये पाहून घेऊ नये. आपल्या आवारात आणून दाखवायला सांगावं. एका दुपारी, गवत वाढलेलं असताना, माळ्याला चालवायला द्यावं. गेटमधून आत येतो का, झाडांमधून जातो का, डेक सर्वांत खालच्या उंचीवर घासतो का, आणि कापून झाल्यावर हाताने किती साफ करावं लागतं, हे अर्ध्या तासात दिसतं. विक्रेता आणायला तयार नसेल, तर बिघडल्यावरही तो येणार नाही.